हाताचा होकार

किटली वन्संच्या हातात वळली. पडली नाही, निसटली नाही. झोपेत माणूस कूस बदलतं तशी नुसती वळली, आणि कपात पडायचं पाणी ओट्यावर, ओट्यावरून वन्संच्या मनगटावर आणि तिथून खाली पायपुसण्यावर गेलं. वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी किटली खाली ठेवली, मनगट नळाखाली धरलं आणि वाहत्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, ही किटली आहे की मासा?"

टेबलाशी बसलेली ती उठली नाही. उठायला हवं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची नणंद हात भाजून घेते आणि भावजय चहाची वाट बघत बसून राहते, हे काही बरं दिसत नाही. पण तिची नजर किटलीच्या मुठीवर खिळली होती.

"कुठे वळली?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? हातात. मला भाजलं का ते विचारायचं सोडून ही विचारते कुठे वळली."

"भाजलं का?"

"आता विचारलंस, तर नाही."

मनगटावर रुपयाएवढा लाल डाग उठला होता. तिने उठून त्यावर मलम लावलं. म्हणजे नळी वन्संनीच दाबली आणि तिने बोट फिरवलं. मग ज्या माणसाला आत्ताच भाजलंय त्याला विचारू नये ते तिने विचारलं: पुन्हा एकदा धरून बघता का, थंड पाण्याने? वन्संनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, पण किटली उचलली. भरलेली होती तेव्हा ती शहाण्यासारखी राहिली. अर्धी झाल्यावर पुन्हा वळली. "हे बघ," वन्सं म्हणाल्या, "अर्धी झाली की पाणी चोचीकडे पळतं आणि ही बया हातात गरकन फिरते. मूठ कशी, तर गुळगुळीत गोल. बोटांना धरायला ना कड ना काही. कोणी केली गं ही?" आयुष्यात विणलेल्या स्वेटरांखेरीज एकही वस्तू न घडवलेल्या वन्संनी जे अर्ध्या मिनिटात सांगितलं, ते तिने चार दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर ती होती. "आम्हीच केली," ती म्हणाली.

चार दिवसांपूर्वी कारखान्याकडून हा नमुना कार्यशाळेत आला तेव्हा नेहमीप्रमाणे सगळ्यांनी बोलणं थांबवलं होतं. खालच्या मजल्यावर पडदे शिवणाऱ्यांची यंत्रं तेवढी चालू होती, त्यांची घरघर फरशीतून तिच्या स्टुलाच्या पायांत येत होती. तिने डोळे मिटले, हात पुढे केला, तिघांतल्या सर्वांत लहान सहकारिणीने, धाकटीने, किटली हातात दिली. तिने ती उचलली, तोलली, बोटं मुठीवरून पुढे नेली, मागे आणली. तीन शब्दांपैकी एक बोलायचा असतो. 'नाही' किंवा 'जवळ आलंय' किंवा 'हो'. ती 'हो' म्हणाली, आणि धाकटीने श्वास सोडला. आज अकरा वाजता कारखान्याचा माणूस तिघांच्या सह्या घ्यायला येणार होता. सह्या झाल्या की साचा पोलादात कापायचा, आणि एकदा पोलाद कापलं की मग देव खाली उतरला तरी मुठीचा अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे होत नाही. पहिल्याच खेपेला तीस हजार किटल्या. काल संध्याकाळी तिने नमुना पिशवीत घालून घरी का आणला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात अशी वस्तू ती कधी आणत नसे. मनात काहीतरी खुपत होतं, आणि जे बोटांना कळत नव्हतं ते घराला तरी कळेल, असं काहीसं असावं.

"तीस हजार," वन्सं म्हणाल्या. त्यांनी चहा पातेल्यात टाकला होता, किटलीला पाठ करून. "म्हणजे तीस हजार नणंदा. आणि सगळ्याच काही माझ्यासारख्या गरीब गायी नसतात, बाई."

"मी सांगणार आहे त्यांना."

"काय सांगणार आहेस?"

"की वळते म्हणून."

"आणि ते विचारतील की चार दिवसांपूर्वी तुझे हात कुठे चरायला गेले होते, तेव्हा?" वन्संनी कप तिच्यासमोर ठेवला, कान तिच्या डाव्या हाताकडे करून. गेली दोन वर्षं त्या कप तसाच ठेवत होत्या. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. स्वेटरची वरची तीन बटणंही वन्संच लावत, "थांब, वाकडं झालंय" असं म्हणत, जणू सरळ करताहेत. दोघींनी त्यावर एक शब्द काढला नव्हता. एका घरात दोन म्हाताऱ्या राहायच्या म्हणजे झाकली मूठ ठेवावीच लागते. वन्संचा भाऊ, तिचा नवरा, गेल्यावर वन्सं चार दिवसांसाठी म्हणून राहायला आल्या होत्या, त्याला आता अकरा वर्षं झाली.

सुरुवात बटणांपासूनच झाली होती, आणि बटणांनी सुरुवात व्हावी याचं तिला तेव्हाही हसू आलं होतं. तिची आई बटणांच्या दुकानात कामाला होती. शाळा सुटली की ती तिथे जाऊन काउंटरखाली बसायची आणि मिसळलेली बटणं निवडायची. खाली उजेड नसायचा. शिंपल्याचं बटण थंड लागतं आणि थंडच राहतं. हाडाचं थंड लागतं पण लगेच अंगाची ऊब घेतं. लाकडाचं सुरुवातीपासून आपलं. प्लॅस्टिकच्या बटणाला कडेला साच्याची एक बारीक रेघ असते, ती नखाला लागायच्या आधी बोटाला लागते. दोन भोकांचं, चार भोकांचं, हे तर कुणीही सांगेल. आई वरून विचारायची, "झालं का गं?" आणि ती खालून वाट्या वर सरकवायची, एकेक जात वेगळी केलेली, आणि एकही बटण चुकलेलं नसायचं. ती पुढे शिकली, वस्तूंचे आकार ठरवण्याचं काम शिकली, मोठ्या कंपनीत लागली, कंटाळली, सोडली. पण तिच्याकडे खरं भांडवल काय होतं, तर काउंटरखालच्या अंधारातली ती दहा बोटं. नात्यातल्या बायकांना तिचं काम कधीच कळलं नाही. डिझायनर म्हटलं की त्या म्हणत, "हो का, मग आमच्या सुनेचा ड्रेस शिव की." ती सांगायची की दाराची मूठ, बरणीचं झाकण, खिडकीची खिट्टी, कुबडी, असलं सगळं कसं असावं हे कुणीतरी ठरवतं, ते आम्ही ठरवतो. "ते ठरवावं लागतं?" त्या विचारत. बरोबरच होतं. नीट ठरवलं तर ठरवलंय हे कुणाला कळतच नाही.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत किटली. दोन्ही हात त्या पिशवीवर होते आणि डाव्या हाताला किटलीची चोच कळत होती, झाकणाची गोळी कळत होती. उजव्या हाताला नुसतं कळत होतं की काहीतरी आहे. मानेतली नस, डॉक्टर म्हणाला होता. वय, म्हणाला होता. "तुमचं काय काम असतं?" त्याने विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "काही नाही, घरीच असते." एवढं सहज खोटं ती जन्मात बोलली नव्हती. त्या दिवशी कार्यशाळेत परत येऊन तिने सगळे वाळूचे कागद काढले होते, खरखरीत ते मऊ, आणि डोळे मिटून उजव्या हाताने लावायला घेतले होते. खरखरीत ऐंशीचा आणि मऊ चारशेचा तिला सारखाच लागला. दोन्ही कागद म्हणजे नुसता कागद. बाहेर सुतार आणि धाकटी कशावरून तरी हसत होती. तिने कागद पुन्हा डोळ्यांनी बघून क्रमाने लावले आणि बाहेर येऊन तीही हसली.

मग तिने दुसरी विद्या शिकून घेतली. सगळं गेल्यावर माणूस काहीतरी शिकतंच. डोळे मिटताना पापण्यांत एक केसाएवढी फट ठेवायची, आणि हातातल्या वस्तूकडे नाही, समोरच्या धाकटीच्या तोंडाकडे बघायचं. धाकटीचा चेहरा म्हणजे काचेचं भांडं. ओठ दाबलेला असला की तिच्या मनात शंका आहे, मग म्हणायचं, "जवळ आलंय." भुवया वर आणि श्वास रोखलेला असला की तिला खात्री आहे, मग म्हणायचं, "हो." दोन वर्षं हे निभावलं. एक बरणी, एक खिट्टी, एक कुबडी. कुबडी कुणीतरी काखेत घेऊन जिने उतरत असेल, आणि ती काखेत कशी बसते हे तिने धाकटीच्या भुवयांवरून ठरवलं होतं.

बस थांबली, माणसं चढली, उतरली. कुणाच्या तरी छत्रीची मूठ तिच्या डोळ्यांसमोर आली. वाईट मूठ, वाकडी, अंगठ्याला जागा नसलेली, पण त्या माणसाने ती मजेत धरली होती. तिला फार दमल्यासारखं झालं. आजचं दमणं नव्हे हे. चाळीस वर्षं लोकांच्या मुठींकडे बघत आल्याचं होतं. नकाशे म्हणायचे, "बाई, बसमध्ये तरी डोळे मिटा. जगातल्या सगळ्या मुठी काही आपल्या नाहीत." नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते आराखडे काढत म्हणून नकाशे. सुतार लाकडातून नमुने घडवत म्हणून सुतार. तिला सगळे नुसतं बाई म्हणत, पुढे धाकटी आली ती ताई म्हणायला लागली. तिघांनी कंपन्यांच्या नोकऱ्या सोडून वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा पहिल्यांदा केलं ते मेज. दहा फूट लांब, आणि पाय तीन. चार पायांचं मेज फरशी वाकडी असली की डगमगतं, तीन पायांचं कधीच नाही, हे सुतारांचं म्हणणं. आणि त्या मेजाभोवती त्यांनी एकच नियम केला. तो तिनेच सांगितला होता, तिशीतल्या ठसक्यात, आणि सुतारांनी तो मेजाच्या खालच्या बाजूला कोरला होता: मेजावर काम करेल तोच मेजावर बोलेल. कुणी मालक नाही, कुणी साहेब नाही. ज्याच्या हाताला भुसा नाही त्याला मत नाही. केवढा अभिमान होता त्या वाक्याचा. कंपनीतल्या साहेबांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम. त्या नियमाला म्हातारपण नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती.

तो नियम पहिल्यांदा नकाशेंवर चालला. सोळा वर्षं झाली. त्यांची नजर उतरत होती, आणि त्यांनी ते लपवलं होतं, तिच्याइतक्याच हुशारीने. पट्टीवरचे आकडे पाठ होते, रेघा सवयीने मारत होते. मग एका झाकणाची फिरकी बसेना. तिने आराखडा उजेडात धरला, मापाचा कॅलिपर लावला, आणि सगळ्यांसमोर, कारण त्यांच्यात सगळं सगळ्यांसमोरच होत असे, म्हणाली, "नकाशे, तुमचे डोळे गेलेत. लपवू नका." ती बरोबर होती. आजही तिला वाटतं की ती बरोबर होती. बरोबर असण्याचा तो आवाज मात्र तिला आठवतो, स्वच्छ, धारदार, कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकासारखा. नकाशेंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणती रेघ चुकली?" तिने दाखवली. त्यांनी ती बघितली, म्हणजे तोंड अगदी कागदाजवळ नेलं, आणि मान हलवली. मग हातांवरच्या कापडी बाह्या काढल्या, घडी केल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. ती त्यांच्याकडे दोनदा गेली. दोन्ही वेळा त्यांनी तिला खुर्ची दिली, कामाचं विचारलं, आणि तिने सांगितलं तेव्हा ते नको तितकं लक्ष देऊन ऐकत राहिले. तिसऱ्यांदा जायचं राहिलं, आणि मग ते राहिलेच नाहीत. त्यांच्या जागी धाकटी आली. मेज पुन्हा तीन माणसांचं झालं.

आज मी काही बोलले नाही तर काय होईल, असा विचार तिने बसमधून उतरताना केला, अगदी व्यवहारी विचार, भाजी घ्यावी का नको तसा. सह्या होतील. किटल्या निघतील. कुणाच्या तरी मनगटावर रुपयाएवढा डाग उठेल; लहान मूल जवळ असेल तर त्याहून मोठा. कुणालाही कळणार नाही की ही कुणाच्या हाताची चूक. आणि ती उद्या सकाळी याच बसने येईल, स्टुलावर बसेल, डोळे मिटेल. आणि बोलले तर? तर ज्याच्या हाताला कळत नाही त्याचं मेजावर काय काम, हे विचारायला कुणाला तोंडही उघडावं लागणार नाही. ते मेजाखाली कोरलेलं आहे. जिना चढताना तिने तीनदा विश्रांती घेतली. खालच्या पडदेवाल्या बाईंनी दारातून विचारलं, "काय ताई, आज जिना वाढलाय का?" "रोज एक पायरी वाढवतात मेले," ती म्हणाली.

सुतार खिडकीशी उभे राहून रंधा पुसत होते. त्यांचे हात अजून सरळ, बाकी सगळं वाकलं होतं. धाकटी कारखान्याचे कागद मेजावर मांडत होती, तीन पेनांसह. ती चाळिशीची, पण दोघांच्या मध्ये असली की धाकटीच.

"ताई, किटली तुमच्याकडे होय! मी कपाटं पालथी घातली सगळी. मला वाटलं, चोरी झाली."

"चोराच्याही हातात वळली असती," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. "ती वळते."

"कोण?"

"किटली. अर्धी झाली की."

धाकटी हसली, मग थांबली. तिने कोपऱ्यातल्या नळावरून किटली अर्धी भरून आणली, एका हाताने उचलली आणि बादलीत ओतायला लागली. पाण्याची धार सरळ होती, मग वाकडी झाली, मग बादलीच्या काठावर. धाकटीने दुसरा हात लावला. पुन्हा केलं. पुन्हा वाकडी. सुतारांनी रंधा खाली ठेवला, आले, त्यांनीही ओतून पाहिलं आणि काही न बोलता किटली मेजावर ठेवली. खालची यंत्रं एकदम थांबली. चहाची वेळ झाली असावी. त्या शांततेत धाकटी म्हणाली, अगदी हळू, आरोप नको व्हायला म्हणून आणखी हळू, "पण ताई, तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते." तिने उजवा हात मेजावर ठेवला, तळवा वर करून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "याला काही कळत नाही. दोन वर्षं झाली. मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगत होते."

बसमध्ये तिने या क्षणाची पुष्कळ तयारी केली होती. धाकटी रडेल, सुतार खिडकीकडे तोंड फिरवतील, कुणीतरी म्हणेल, शक्यच नाही. सुतार म्हणाले, "माहीत आहे, बाई."

"काय माहीत आहे?"

"हेच. मागच्या थंडीत तुम्ही वाळूचा कागद उलटा धरून फोम घासत होतात. चांगली पाच मिनिटं. मी म्हटलं, असू दे."

"आणि मला तर त्याच्याही आधीपासून," धाकटी म्हणाली. तिचे डोळे आता भरले होते. "तुम्ही डोळे मिटल्यावर पापण्या हलायच्या. मी मुद्दाम तोंड तसं करायचे, ताई. म्हणजे तुम्हाला कळावं."

ती दोघांकडे बघत राहिली. तिला आधी लाज वाटली, नागडं पकडल्यासारखी. मग त्या लाजेखालून एक थंडगार प्रश्न वर आला, आणि तो तिच्या त्या जुन्या आवाजात आला. "मग किटली कोणी पाहिली?"

धाकटीने सुतारांकडे पाहिलं. "तुम्ही मागून बघत होतात ना? प्रत्येक वस्तू? ताई गेल्यावर?"

"कुबडी बघितली होती. तीन दिवस काखेत घेऊन हिंडलो, पोरं लंगड्या म्हणाली. पण किटली..." सुतारांनी कपाळ चोळलं. "मला वाटलं, किटली तू बघतेयस. तुझंच काम होतं ते, तुझीच मूठ."

"माझी होती म्हणून तर मी नाही बघितली. आपल्याच मुठीला आपण कसं... मला वाटलं, सुतारकाका बघतील."

तीन माणसं, सहा हात, आणि किटली कुणाच्याच हातांखालून गेली नव्हती. ती धाकटीचं तोंड बघत होती, धाकटी तिचं मन राखत होती, सुतार दोघींची लाज राखत होते, आणि एवढ्या सगळ्या राखणीतून मूठ तेवढी गोलच्या गोल पुढे निघून आली होती. तिला हसू फुटलं. ते वाईट हसू होतं, खोकल्यासारखं, आणि ते थांबेना. सुतारही हसायला लागले. धाकटी मात्र हसली नाही.

"मला सांगायचं होतंत," हसू आवरून ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं मला खेळवलंत. सांगायचं होतंत ना, सुतार."

"कसं सांगायचं?" सुतार डोळे पुसत म्हणाले, आणि मग हसू विझून त्यांचा चेहरा म्हातारा झाला. "तुम्ही नकाशेंना सांगितलंत तसं?"

हे वाक्य त्यांच्या तोंडात सोळा वर्षं असलं पाहिजे. ते बाहेर पडल्यावर त्यांनाच त्याचं नवल वाटलं आणि ते उगीच मेजावरचा भुसा हाताने गोळा करू लागले. तिच्याकडे बोलण्यासारखं होतं, की चूक ती चूकच होती, झाकण बसतच नव्हतं, कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. पण हे सगळं नकाशेंनाही ठाऊक होतं आणि तरी त्यांनी बाह्यांची घडी केली होती. आपण सत्य सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. आणि या दोघांनी सांगितलं नाही म्हणून एका म्हातारीचं मनगट भाजलं. यातलं नीट काय, हे तिला आता, या वयात, जिना चढून आल्यावर, ठरवता येईना. तिला फक्त एवढं दिसत होतं की तिने नकाशेंना ऐकवलं तसं वाक्य तिला ऐकवणारं या खोलीत कुणी नाही. तिलाच ते म्हणावं लागेल.

धाकटीने कारखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की ते मेजाच्या या टोकापर्यंत ऐकू आलं. साचा कापायला पोलाद लावून झालंय, तुम्ही लोक झोपला होतात का. "हो," धाकटी म्हणाली, "झोपलोच होतो. तीन आठवडे द्या." पुष्कळ बोलणी खाऊन तिने ते मिळवले. फोन ठेवल्यावर तिने तिन्ही पेनं एकावर एक ठेवली आणि म्हणाली, "ताई, मेजाखाली जे कोरलंय ते आपणच कोरलंय. आपणच खरवडून टाकू."

"ते तू कोरलेलं नाहीस."

"मग तुम्ही दोघं खरवडा."

तिने सुतारांकडे पाहिलं. राहा म्हणा, असं तिच्या मनात आलं; इतकं उघडं, इतकं पोरकट, की तिने मान खाली घातली. सुतार लाकूड निवडताना घेत तेवढा वेळ घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही रोज या. न आलात तर मी घरी येऊन बसेन, आणि तुमच्या वन्संना ते परवडायचं नाही. पण हातात घेऊन सांगायचं काम आता हिने करावं." ते खरं बोलले होते, आणि आवाज चढवला नव्हता. तसंही सांगता येतं तर. तिने मान हलवली. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. किंवा दुखत असेल आणि दमल्यामुळे कळत नसेल.

ती स्टुलावरून उतरली. दारालगत, गिऱ्हाइकं आली की बसतात ती खुर्ची होती. पाठीची, हातांची, बाजारातून विकत आणलेली, आणि त्या खोलीतली तेवढीच एक वस्तू त्यांनी केलेली नव्हती म्हणून तिघं तिची चेष्टा करत. ती त्या खुर्चीत बसली. पाठ मागे टेकली, आणि आपसूक एक सुस्कारा बाहेर पडला. "अहो सुतार, ही बरी आहे की हो," ती म्हणाली. "एवढी वर्षं गिऱ्हाइकंच मजा मारत होती."

"म्हणूनच लवकर उठत नव्हती मेली," सुतार म्हणाले, आणि फोमचा ठोकळा कापायला घेतला. खालची यंत्रं पुन्हा सुरू झाली. सुतारांनी पात्याने मुठीचा आकार काढला, खालून किंचित सपाट, तीन बोटं बसतील असा, घासला, जुनी मूठ कापून किटलीच्या पाठीला चिकटवला, सुकू दिला. धाकटी किटली अर्धी भरून आली आणि मेजाशी बसली. स्वतःच्याच स्टुलावर, ताईंच्या रिकाम्या मधल्या स्टुलावर नाही. तिने हात पुढे केला. सुतारांनी किटली दिली. तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापण्या हलल्या.

खुर्चीतून तिने ते पाहिलं. केसाएवढी फट, आणि फटीतून येणारी नजर सरळ तिच्या तोंडावर. तिचं तोंड केव्हाच बोलू लागलं होतं; भुवया, ओठ, सगळं हजर झालं होतं, मदतीला, कुणी न बोलावता. ही मूठ अजून जाड आहे, हे तिला इथून बघूनच वाटत होतं. वाटत होतं, कळत नव्हतं. तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले, डाव्याने घट्ट, उजव्याने अंदाजाने, उठली, खुर्ची फरशीवर करकरत फिरवली, आणि खिडकीकडे तोंड करून, मेजाला पाठ करून बसली.

"ताई?" मागून धाकटी म्हणाली.

तिने मान वळवली नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला, बादलीत सरळ, मग थोडा अडखळत, मग थांबला. मग काहीच नाही. खाली एक शिलाई सुरू होऊन संपली, दुसरी सुरू झाली. सुतारांचीही चाहूल नव्हती. तिने चादरी मोजल्या, सात, पुन्हा मोजल्या.

"नाही," धाकटी म्हणाली.